तेल लावणे व तेल काढणे : 'तेलकट त्वचा' या कल्पनेचा शब्देतिहास

मराठीत पदार्थवाचक नामास '-कट' हा प्रत्यय लागून जी विशेषणे सिद्ध होतात, त्यांतून त्या पदार्थाच्या अस्तित्वापेक्षा त्याच्या नकोशा अस्तित्वाचा बोध अधिक होतो. मळकट, धुरकट, मातकट ही सहज आठवणारी उदाहरणे होत. 'पोरकट' या शब्दात तर मूळ नाम सर्वस्वी निर्दोष असून दोष तेवढा प्रत्ययाकडून आला आहे. 'तेलकट' हा शब्द याच गणातील. तेल हे घरातील मंगल वस्तूंपैकी एक. परंतु तेलकट भांडे, तेलकट कागद, तेलकट चेहरा असे म्हणताच ऐकणाऱ्याच्या मनात ते पुसून टाकण्याची इच्छा उत्पन्न होते. 'ओशट' या शब्दाचीही हीच गत आहे. याउलट 'स्निग्ध', 'तुकतुकीत', 'सतेज' हे शब्द घेतले, तर ज्या गुणाचे वर्णन ते करतात तो गुण तेलाच्या अंशावाचून संभवत नाही, आणि तरीही ते सारे स्तुतिवाचक आहेत.

भाषेतील ही दुफळी केवळ शब्दविलास नव्हे. अलीकडील आरोग्यविषयक लोकप्रिय लेखनात 'तेलकट त्वचेची नैसर्गिक निगा' हा विषय वारंवार येतो आणि उटणे, डाळीचे पीठ, मुलतानी माती, लेप, पथ्य यांच्या शिफारशीस प्राचीन ग्रंथांचा आधार असल्याचे सांगितले जाते. हा आधार कितपत खरा आहे, हे पाहावयाचे तर प्रथम एक प्रश्न विचारावा लागतो : तेलकट त्वचा हा दोष आहे, असे त्या ग्रंथांना मुळात वाटत होते काय?

संस्कृत वैद्यकाची परिभाषा या बाबतीत बोलकी आहे. तेथे तुपातेलास सामान्य नाव 'स्नेह' असे आहे आणि त्याच शब्दाने प्रीतीचाही बोध होतो. चरकाने स्नेहाचे चार प्रकार मानले आहेत : सर्पि, तैल, वसा व मज्जा. यांपैकी तैल म्हणजे व्युत्पत्तीप्रमाणे तिळाचा रस; इतर बियांच्या तेलास तो शब्द पुढे लक्षणेने लागू झाला. स्नेहाने युक्त ते 'स्निग्ध'. चरकसंहितेच्या विमानस्थानात पुरुषाच्या 'सारा'ची परीक्षा सांगितली आहे, तीत त्वक्सार पुरुषाची त्वचा स्निग्ध, गुळगुळीत, मृदू व प्रसन्न असते असे म्हटले असून, अशा त्वचेचा संबंध सुख, ऐश्वर्य, बुद्धी व आरोग्य यांच्याशी जोडला आहे. कफप्रकृतीच्या वर्णनातही अंगाची स्निग्धता हे एक लक्षण येते आणि ते निंदेच्या स्वरात येत नाही. भय आहे ते रूक्षतेचे. कोरडी, फुटलेली, खरखरीत त्वचा वाताची निदर्शक, आणि वात हा जरेचा सोबती. चरकाने अभ्यंगाचे महत्त्व पटविण्यासाठी घडा, चामडे व गाड्याचा आस यांचे दृष्टान्त दिले आहेत. तिन्ही वस्तू तेलावाचून तडकतात किंवा झिजतात. तेल अधिक झाल्याने बिघडते अशी एकही वस्तू त्या यादीत नाही.

म्हणून 'तेलकट त्वचा' या आजच्या संज्ञेस तंतोतंत जुळेल असा शब्द या ग्रंथांत शोधण्याचा प्रयत्न निष्फळ ठरतो. त्यांत आढळते ती एक क्रिया, किंबहुना दोन क्रियांची जोडी : प्रथम तेल लावणे व नंतर ते काढणे. चरक अभ्यंगानंतर शरीरपरिमार्जन सांगतो आणि त्याने दुर्गंध, जडपणा, कंडू, मळ व घामाची किळस ही जातात असे म्हणतो. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात हा क्रम अधिक सुटसुटीत झाला आहे. तेथे नित्य अभ्यंग, मग व्यायाम, मग उद्वर्तन, मग स्नान असा ओघ येतो. तेल एकदा अंगी मुरले की उरलेले अंगावर ठेवावयाचे नाही, ही त्यामागील दृष्टी होय.

मराठीतील 'उटणे' हा शब्द या उद्वर्तनाचाच वंशज आहे. उद् + वृत् या धातूच्या प्रयोजक रूपापासून 'उद्वर्तन' हे नाम होते. वर किंवा बाहेर वळविणे, चोळून वर काढणे, हा त्याचा यौगिक अर्थ. पालीत व प्राकृतात व्यंजनसंयोगाचे द्वित्व होऊन आणि 'र्त' चा 'ट्ट' होऊन 'उब्बट्टण', 'उव्वट्टण' अशी रूपे मिळतात. हिंदीने त्यातील ओष्ठ्य वर्ण राखून 'उबटन' केले. मराठीने तो गमावून 'उटणे' केले. 'वृत्त' पासून 'वट्ट' व त्यावरून 'वाटोळे' हा मराठी शब्द झाला त्यातही हाच मूर्धन्य 'ट' दिसतो. अकबराच्या दरबाराची माहिती देणाऱ्या अबुल फज्लच्या 'आईने अकबरी'त सुगंधी द्रव्यांच्या यादीत याच शब्दाचे फारसी लिपीत शिरलेले रूप एका सुवासिक अंगलेपाच्या नावादाखल आले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द वैद्याच्या घरातून अत्तरखान्यात पोहोचला होता, असे त्यावरून मानावयास हरकत नाही.

तथापि शब्दाची वंशावळ सरळ असली तरी अर्थाची तशी नाही. सुश्रुताने चिकित्सास्थानात निरोगी माणसाच्या आचाराचा जो अध्याय घातला आहे त्यात उद्वर्तन हे वातहर असून कफ व मेद यांना विरघळविणारे, अवयवांना दृढ करणारे आणि त्वचेस प्रसन्न करणारे आहे असे म्हटले आहे. वाग्भटाने हीच फळे जवळजवळ त्याच क्रमाने सांगितली. पण आरंभीचा शब्द मात्र बदलला. त्याच्या मते उद्वर्तन कफहर आहे. एका शब्दाचा हा फरक सहज ओलांडून जाण्यासारखा नाही. वात हा रूक्ष असल्यामुळे जे उद्वर्तन वाताला शमविते ते कोरडे असणे कठीण. त्यात स्नेहाचा अंश हवा. जे कफाला हरते ते कोरडे असणे अधिक संभवनीय. सुश्रुताने याच ठिकाणी उत्सादन व उद्घर्षण अशा आणखी दोन क्रिया वेगळ्या सांगितल्या आहेत, आणि त्याचा टीकाकार डल्हण यांतील भेद असा करतो की, उत्सादन स्नेहयुक्त कल्काने करावयाचे व उद्घर्षण स्नेहरहित चूर्णाने. म्हणजे 'अंग चोळणे' या एका व्यवहारात तेलासह चोळणे व तेलाविना चोळणे असे दोन निराळे प्रकार होते, त्यांचे उपयोग निराळे होते, आणि 'उद्वर्तन' हा शब्द दोहोंवर पसरलेला होता. चरकाने अतिस्थूल मनुष्यास रूक्ष उद्वर्तने सांगताना 'रूक्ष' हे विशेषण आवर्जून जोडले आहे, ते याचमुळे. नुसते 'उद्वर्तन' म्हटल्याने अर्थ निश्चित होत नव्हता.

मराठीने तीन शब्दांपैकी एकच घरी ठेवला. उत्सादन आणि उद्घर्षण ग्रंथांतच राहिली आणि उटण्याच्या पोटात त्यांचा भेद बुडाला. आजचे दुकानातील उटणे कोरडे चूर्ण असते. ते पाण्यात, दुधात, की तेलात कालवावयाचे हे घरोघरच्या सवयीवर सोपविलेले आहे. कोरड्या त्वचेच्या माणसास जे हितावह ते आणि कपाळ सदैव चकाकत असणाऱ्यास जे हितावह ते, या दोहोंतील निवड पूर्वी शब्दानेच होत असे. आता ती चोळणाऱ्याच्या हातात आहे.

नागर जीवनातील या व्यवहाराचे चित्र वात्स्यायनाच्या कामसूत्रात मिळते. नागरकाने स्नान रोज करावे, उत्सादन दिवसाआड, 'फेनक' तिसऱ्या दिवशी व श्मश्रुकर्म चौथ्या दिवशी, असे वेळापत्रक तेथे दिले आहे. फेनक म्हणजे साबण असे सरसकट भाषांतर पुष्कळदा केले जाते. ते सोयीचे असले तरी सावधपणाचे नाही. फेनकाचा अर्थ फेस करणारा पदार्थ एवढाच. आणि चरबी व क्षार यांच्या संयोगावाचूनही फेस करणाऱ्या वनस्पती या देशात विपुल आहेत. या वेळापत्रकातील लक्षणीय गोष्ट निराळी आहे. पाणी रोज, तेलाची चोळणी एक दिवस सोडून आणि तेल पुरते काढणारा फेस त्याहूनही विरळा, अशी उतरती श्रेणी त्यात आहे. त्वचेवरचे तेल दिवसातून तीनचार वेळा काढावे ही कल्पना या वर्गासही सुचलेली दिसत नाही, आणि हा वर्ग आपल्या मुखाविषयी उदासीन होता असे म्हणण्याची सोय नाही.

महाराष्ट्राच्या जवळ यावयाचे तर कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ घ्यावा लागतो. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील या ग्रंथात राजाच्या उपभोगांत 'स्नानभोग' स्वतंत्रपणे वर्णिला आहे. सुगंधित तेल, अंगमर्दन, मग तेल काढणारा लेप व शेवटी स्नान हा क्रम तेथे राजवैभवाच्या थाटात येतो. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात ही नोंदही याच ग्रंथातील, म्हणून मराठीच्या अभ्यासकांस तो परिचित आहे; त्यांनी स्नानाचे प्रकरणही वाचावे. पुढच्या शतकात महानुभावांच्या लीळाचरित्रात 'मर्दना' व 'मादने' म्हणजे चोळणे व न्हाणे ही शब्दांची जोडी पुन्हा पुन्हा भेटते. येथे राजवैभव नाही, तरीही जोडी अभंग आहे.

आता चेहऱ्यावरील पुटकुळ्यांकडे वळले पाहिजे, कारण तेलकट त्वचेची तक्रार बहुधा त्यांच्यामुळेच होते. सुश्रुताने निदानस्थानात क्षुद्ररोगांच्या प्रकरणात त्यांचा समावेश केला आहे. शाल्मलीच्या म्हणजे सावरीच्या काट्यांसारख्या, तरुणांच्या मुखावर येणाऱ्या, कफ, वात व रक्त यांपासून होणाऱ्या अशा या पिडका. मुख दूषित करणाऱ्या म्हणून 'मुखदूषिका'. काट्याचा दृष्टान्त ज्याने सावरीचे कोवळे खोड पाहिले आहे त्यास फार मार्मिक वाटेल. बुडाशी रुंद व वर टोकदार असा तो काटा असतो. याच प्रकरणातील 'व्यंग' म्हणजे मुखावरील काळसर डाग; मराठीतील 'वांग' हा शब्द त्यावरून आला. तो रोगनाम म्हणून घरगुती बोलीत टिकला, पण मुखदूषिकेस तसे भाग्य लाभले नाही. बोलीने 'मुरूम' म्हटले, आणि शिष्ट मराठीने 'तारुण्यपीटिका' हा शब्द पसंत केला, ज्यात रोगापेक्षा वयाकडे बोट आहे.

हे वयाकडे बोट दाखविणे केवळ भारतीय नव्हे. युरोपीय वैद्यकात या विकारास 'अ‍ॅक्ने' म्हणतात. हा शब्द ग्रीक 'आक्मे', म्हणजे शिखर किंवा ऐन भर, याचा लेखनिकाच्या हातून झालेला अपभ्रंश असावा असे बहुतेक कोशकार मानतात. सहाव्या शतकातील एतिउस या ग्रीक वैद्याच्या ग्रंथाच्या प्रतींशी ही चूक जोडली जाते. हे खरे असेल तर एका अक्षराच्या चुकीने एक अर्थहीन शब्द जन्मास आला आणि त्याच्या मुळाशी 'यौवन' हाच अर्थ होता. दोन परंपरांनी स्वतंत्रपणे एकाच निरीक्षणावरून नाव दिले, आणि त्या निरीक्षणात तेलाचा उल्लेख कोठेही नाही.

उपचारात सुश्रुत वमनास अग्रस्थान देतो आणि लेपासाठी दोन योग सांगतो. एक वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा. दुसरा धणे, वेखंड, लोध्र व कोष्ठ यांचा. दोन्ही योग कोरड्या द्रव्यांचे आहेत एवढ्यावरून 'प्राचीनांनी तेलकटपणा शोषून घेणारे लेप दिले' असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. ग्रंथकाराचा रोख कफावर आहे, पृष्ठभागावरील तेलावर नव्हे. शिवाय मोहरीचा लेप कोवळ्या त्वचेस किती भाजतो, हे ज्याने छातीच्या कफावर मोहरीचे पोटीस बांधून घेतले आहे त्यास सांगावयास नको. नैसर्गिक या शब्दाने कोणताही पदार्थ निरुपद्रवी होत नाही.

याहून उद्बोधक आहे तो अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील मुखलेपाचा विधी. वाग्भट लेपाचे तीन प्रकार करतो : दोष हरणारा, विष हरणारा व वर्ण उजळणारा. जाडी एका अंगुळाच्या चतुर्थांशापासून अर्ध्यापर्यंत प्रकाराप्रमाणे ठरवितो, आणि सहा ऋतूंसाठी सहा निराळे लेप देतो. लेप लावून दिवसा झोपू नये, फार बोलू नये, ऊन्ह व विस्तव टाळावा, शोक व क्रोध करू नये असा नियम आहे. परंतु मुख्य सूचना पुढेच आहे. लेप वाळू देऊ नये. वाळलेला लेप त्वचेची कांती बिघडवितो. तो ओला करूनच काढावा आणि काढल्यानंतर मुखास अभ्यंग करावा. मुलतानी मातीचा थर चेहऱ्यावर पुरता वाळून त्यास भेगा पडेपर्यंत बसून राहण्याची जी रीत आज 'आयुर्वेदिक' म्हणून प्रचलित आहे, ती या नियमाच्या नेमकी उलट आहे. ज्या ग्रंथाच्या नावावर ती खपते तो ग्रंथ लेपानंतर तेल लावावयास सांगतो.

तेल काढणाऱ्या पदार्थांच्या नावांतून निरनिराळ्या मुलखांचा इतिहास वाचता येतो. 'रिठा' हा संस्कृत 'अरिष्टक' शब्दाचा प्राकृतातून आलेला अवशेष. 'शिकेकाई' कन्नड 'सीगेकायि' वरून आलेली, तीतील 'कायि' म्हणजे फळ. दोन्ही फळांत सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात, ती पाण्यात फेस करतात व तेलास धरून वाहून नेतात. डाळीचे पीठ त्या मानाने मवाळ, ते तेल शोषते. मराठी घरांत डोक्यावरून 'न्हाणे' आणि नुसती 'अंघोळ' यांत जो भेद पाळला जातो, त्यामागे शिकेकाईसारख्या जहाल पदार्थाचा वापर डोक्यापुरता व ठरावीक वारापुरता राखण्याचा विवेक असावा.

'साबण' या शब्दाचा प्रवास लांबचा आहे. लॅटिन 'सापो', अरबी 'साबून', पोर्तुगीज 'साबाँव' हे सारे एका गोत्राचे. प्लिनी सापोचा उल्लेख गॉल लोकांचे केस रंगविण्याचे द्रव्य म्हणून करतो, अंग धुण्याचे म्हणून नव्हे. मराठीत हा शब्द मुसलमानी अमलातील अरबी-फारसीमधून आला की गोवे-वसईच्या पोर्तुगीजांकडून, याचा निर्णय रूपावरून एकदम होत नाही. किनाऱ्यावर एक व देशावर दुसरा अशी दोन्ही दारे उघडी असणे अशक्य नाही. १९१८ साली गोदरेजांनी मुंबईत वनस्पतिजन्य तेलांपासून 'चावी' हा धुण्याचा साबण काढला व पाठोपाठ अंगाचे साबण आणले, तेव्हा प्राण्यांच्या चरबीविषयीचा आक्षेप दूर होऊन साबण सोवळ्याच्या घरांतही शिरू शकला. एवढ्याने उटण्याचे नित्य स्थान गेले व ते सणापुरते उरले.

या सर्व शब्दांत सर्वांत विलक्षण उलटापालट 'शांपू' या शब्दाची झाली. हिंदीतील 'चाँपना' म्हणजे दाबणे, चेपणे. पाटण्यास जन्मलेल्या दीन महोमेत याने एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे स्नानगृह काढले व वाफ आणि अंगमर्दन यांचा उपचार 'शांपूइंग' या नावाने रूढ केला. १८२२ साली त्याने त्यावर पुस्तकही प्रसिद्ध केले. त्या शतकाच्या उत्तरार्धात हा शब्द अंगावरून डोक्यावर गेला आणि मर्दनाचा धुणे झाला. तेल चोळण्याच्या व्यवसायातील शब्द तेल काढण्याच्या द्रवाचे नाव होऊन मायदेशी परतला. परतलेल्या या शब्दास मराठीत आपल्या मूळ घराची ओळखही राहिलेली नाही.

याच सुमारास युरोपात त्वचेचे वर्गीकरण होऊ लागले. कोरडी, सामान्य व तेलकट अशी त्वचेची जात ठरविण्याचे श्रेय विसाव्या शतकाच्या आरंभी हेलेना रुबिनस्टाईन या सौंदर्यप्रसाधनांच्या व्यापारातील स्त्रीस दिले जाते. वर्गीकरण प्रयोगशाळेत नव्हे, दुकानात जन्मले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कारण प्रत्येक जातीस एक निराळी बरणी लागते. तिच्या पहिल्या प्रसिद्ध मलमात लोकरीतील मेण, म्हणजे लॅनोलिन, होते. मुलतानी मातीच्या जातीची माती युरोपातील विणकर लोकरीतून जो ओशटपणा काढण्यासाठी वापरीत, तोच ओशटपणा बरणीत भरून चेहऱ्यासाठी विकला गेला. मुंबईच्या पाटणवाला यांचा 'अफगाण स्नो' हे या काळाचे देशी अपत्य. 'स्नो' हा शब्द दोनतीन पिढ्यांच्या मराठी बोलण्यात रुळला होता, आणि लावल्यावर न दिसणे, चेहरा तेलकट न दाखविणे, हे या प्रकारच्या मलमाचे वैशिष्ट्य होते.

शास्त्राने या प्रश्नाची उकल सावकाश केली. त्वचेवरील तेल केसांच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून येते, यौवनारंभी पुरुषसंप्रेरकांच्या प्रभावाने त्या ग्रंथी वाढतात, हे निश्चित झाल्यावर 'तारुण्यपीटिका' हे नाव अधिकच सार्थ ठरले. १९२८ साली हाइनरिख शाडे व आल्फ्रेड मार्कियोनिनी या जर्मन संशोधकांनी त्वचेच्या आम्ल आवरणाची कल्पना मांडली. त्वचेच्या पृष्ठभागाचा सामू ५ च्या आसपास असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०. वारंवार साबण लावून चेहरा कोरडा करणाऱ्या माणसास तेल कमी झाल्याचा भास होतो, पण वस्तुतः त्वचेचे रक्षक आवरण क्षीण होऊन ती चुरचुरू लागते. याच्या जोडीस एक समजूत फार पसरलेली आहे की, तेल धुऊन काढल्यास ग्रंथी चिडून अधिक तेल स्रवतात. अल्बर्ट क्लिगमन व वॉल्टर शेली यांनी १९५८ साली या मतास आधार नसल्याचे दाखविले. ग्रंथी पृष्ठभागावरील तेलाचा हिशेब ठेवीत नाहीत. क्लिगमनने पुढे १९६३ मध्ये तर या तेलाचा मानवास काही उपयोगच नाही, ते उत्क्रांतीचे उच्छिष्ट आहे, इतके टोकाचे मत मांडले. चरकाच्या त्वक्सारापासून हे किती दूरचे अंतर आहे! नंतरच्या संशोधकांनी ते मत तसेच स्वीकारलेले नाही.

या ज्ञानाची किंमत कोणी दिली तेही नोंदविले पाहिजे. क्लिगमनच्या अनेक प्रयोगांसाठी फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांची त्वचा वापरली गेली. १९५१ पासून १९७४ पर्यंत हे चालले; कैद्यांत कृष्णवर्णीयांची संख्या मोठी होती. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यक विद्यालयाने त्याबद्दल २०२१ साली क्षमा मागितली.

आहाराविषयीचा वाद याच प्रयोगपरंपरेत गुंतलेला आहे. १९६९ साली फुल्टन, प्लेविग व क्लिगमन यांनी ६५ व्यक्तींना चॉकलेट देऊन मुरमांत फरक पडत नाही असे जाहीर केले. त्यांतही कैदी होते. पाठ्यपुस्तकांनी हा निकाल पुढे कित्येक वर्षे गिरवला. पण तुलनेसाठी दिलेल्या वडीतही साखर व स्निग्धांश जवळजवळ तितकाच होता, हे पुढे टीकाकारांनी दाखविले. २००२ साली लॉरेन कॉर्डेन व सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील कितावा बेटावरील १२०० व पाराग्वेतील आचे जमातीच्या ११५ लोकांत एकाही व्यक्तीस हे मुरूम आढळले नाहीत असे नोंदविले, आणि पिष्टमय सडलेल्या-दळलेल्या आधुनिक अन्नाकडे बोट दाखविले. वंशाचा प्रभाव त्यातून वगळता येत नव्हता. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर १२ आठवडे झालेल्या प्रयोगात रक्तातील साखर झपाट्याने न वाढविणाऱ्या आहाराने मुरूम कमी झाले. दुधाच्या बाबतीत संबंध आढळतो, कार्यकारणभाव सिद्ध नाही. तळलेले खाल्ले की ते तेल चेहऱ्यावर उतरते, ही घरगुती कल्पना मात्र 'तेलकट' या एकाच विशेषणाने भजी व कपाळ दोन्ही वर्णिली गेल्यामुळे बळकट झाली असावी. शरीरात असा सरळ मार्ग नाही.

ग्रंथीच्या स्रावास मराठीत काय म्हणावे, हा प्रश्न यातूनच उद्भवतो. 'तैलग्रंथी' हा शब्द प्रचारात आहे, आणि तो चुकीच्या दिशेने नेतो. लॅटिन 'सीबम' म्हणजे चरबी. तिळाशी किंवा कोणत्याही बीजाशी त्याचा संबंध नाही. चरकाच्या चार स्नेहांपैकी त्यास जवळचा शब्द 'वसा' हा आहे. 'वसाग्रंथी' असे म्हटले असते तर बाहेरून लावलेले तेल व आतून आलेला स्राव यांतील भेद शब्दातच राहिला असता. बाहेरच्या तेलाने त्वचेची छिद्रे बुजणे ही एक गोष्ट, आणि ग्रंथींचा स्राव वाढणे ही दुसरी. एकीवर सवयीचा ताबा चालतो, दुसरीवर फारसा चालत नाही. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने व सौम्य द्रव्याने तोंड धुणे, चेहऱ्यास जड तेल व मलम न लावणे, मुरूम न फोडणे, एवढ्यावर सवयीचे क्षेत्र संपते. ज्याच्या चेहऱ्यावर व्रण राहू लागले आहेत अशा मुलास उटण्याच्या भरवशावर वर्ष घालविण्यास सांगणे हे परंपरेचे पालन नव्हे. परंपरेनेही त्यास वैद्याकडेच पाठविले होते.

वाग्भटाने नित्य अभ्यंग सांगून लगेच त्यास अपवाद जोडले आहेत. कफाने ग्रस्त, नुकतीच शोधनक्रिया झालेला व अजीर्ण असलेला, या तिघांनी तेल लावू नये. कफग्रस्त म्हणजे तेलकट त्वचेचा असे समीकरण मांडता येत नाही, हे खरे. पण मुखदूषिकेच्या कारणांत कफ आहे, आणि तिने पीडित तरुणास रोज माथ्यापासून तेलाने माखावे असा ग्रंथाचा आग्रह नाही, इतके निश्चित. या अपवादाचे स्मरण नरकचतुर्दशीच्या पहाटे राहत नाही. त्या दिवशी अभ्यंग हा धर्मविधी असतो आणि धर्मविधीस प्रकृतिभेद ठाऊक नसतो. अष्टांगहृदयावरील 'आयुर्वेदरसायन' ही टीका आणि व्रते, दाने, तीर्थे यांचा 'चतुर्वर्गचिंतामणि' हा प्रचंड संग्रह, हे दोन्ही ग्रंथ देवगिरीच्या यादवांचा करणाधिप हेमाद्री याच्या नावावर आहेत. महाराष्ट्राच्या घराघरांत त्यांपैकी दुसऱ्याच ग्रंथाचे शास्त्र पोहोचले.